एकाच घरच्या अकरा नळ्या

त्या सोमवारी सकाळी रॅकमध्ये एकाच घरच्या ११ नळ्या लागल्या. सर्वांत लहान सहा वर्षांचा, सर्वांत मोठ्या अडुसष्ट वर्षांच्या आजी. फॉर्मवर आमच्या लिव्हरच्या डॉक्टरांचं अक्षर होतं: ‘घरातील सर्व. हिपॅटायटिस बी. पॉझिटिव्ह निघाल्यास पुढचं सगळं लावणे.’

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी सूक्ष्मजीवशास्त्र बघते. त्याआधी सहा वर्षं एका रक्तपेढीत होते. माणसं मला नळीवरच्या बारकोडातून भेटतात, क्वचित समोर. पण घरच्या घरं तपासायला लागली की रिपोर्ट नुसते पाठवून भागत नाही, असं आमचे डॉक्टर म्हणतात. मग समजावून सांगायला ते मलाही बसवतात. पुढे लिहिलंय ते त्या घरातल्या लोकांना विचारून लिहिलंय. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

घर निफाड तालुक्यातलं. सहा एकर द्राक्षबाग. थोरला मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी जाणारा. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्याला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. बागेतली ओणवं होऊन करायची कामं, म्हणून दुखत असेल, असं धरून तीन महिने गेले. जानेवारीत पोट फुगलं, तेव्हा सीटी स्कॅन झाला. यकृतात ११ सेंटिमीटरची गाठ आणि तिचं टोक मोठ्या शिरेत शिरलेलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो विषाणू, सापडला.

गावात मात्र एव्हाना ठरून गेलं होतं की माणूस चोरून पीत असणार. लिव्हर गेलं म्हणजे दारू, दुसरं काय? माळ घालून पितो, असंही कुणी तरी किराणा दुकानात बोललं. ते त्याच्या बायकोच्या कानांवर आलं होतं.

रिपोर्ट द्यायचा दिवस शुक्रवार ठरला. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षं काढणीचा सीझन. बागेत व्यापारी आलेला, मजूर लागलेले. तरी दोन गाड्या करून सगळे साडेनऊलाच हजर. पेशंट घरीच होता, त्याला प्रवास झेपत नव्हता. मी लॅबमधून निघताना पुन्हा एकदा सगळे आकडे बघितले. रविवारपर्यंत मला हे घर माहीतही नव्हतं, आणि आता त्यातल्या प्रत्येकाच्या रक्तात काय आहे ते त्यांच्याआधी मला माहीत होतं. ही गोष्ट मला अजूनही जड जाते.

११ पैकी ३ पॉझिटिव्ह होते. आजी. आजींची मुलगी, सिन्नरला दिलेली, पंचेचाळीस वर्षांची. आणि त्या मुलीची मुलगी, तेवीस वर्षांची, सातवा महिना सरत आलेला.

फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी घराचा वंशवृक्ष काढला होता, बाईला गोल, पुरुषाला चौकोन. पॉझिटिव्ह खुणा भरल्यावर रेघ स्पष्ट दिसली. आजींपासून थोरल्या मुलात, मुलीत आणि मुलीतून नातीत. कॅन्सर घराण्यात असतो असं म्हणतात, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर अशीच रेघ असते. फक्त इथे पिढ्यान् पिढ्या उतरत होता तो विषाणू होता. बाळंतपणात आईच्या रक्तातून बाळाला तो मिळतो. तान्ह्या बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो जन्मभर ठाण मांडतो. मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षा कमी जणांत राहतो, बाकीच्यांचं शरीर त्याला हाकलून देतं. पेशंटच्या बायकोच्या रक्तात तेच दिसत होतं: लागण होऊन गेल्याची खूण आणि वर भरपूर प्रतिकारशक्ती. कधी तरी नवऱ्याकडून आला असेल, गेलाही. तिला कळलंसुद्धा नव्हतं.

कागदावर एक चौकोन कोरा होता. मधल्या भावाचा, त्रेचाळीस वर्षांचा. तो लासलगावहून सुरतेला कांद्याची गाडी घेऊन जातो. सोमवारीही आला नाही, शुक्रवारीही नाही.

डॉक्टर ओपीडीत अडकले होते, म्हणून आधी मी एकटीच बसले. मी तोंड उघडायच्या आत धाकट्या भावाने फाइलमधून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढून टेबलावर ठेवलं. अडतीस वर्षांचा, शेतीशाळा-बितीशाळा सगळं करणारा, मोबाइलवर हवामान बघून फवारणी ठरवणारा माणूस. डोळ्यांखाली काळं आलेलं.

“मॅडम, हे आपल्याकडे होतं का? रक्ताच्या एका नळीत सगळ्या कॅन्सरचा धोका कळतो म्हणे. मिथिलेशन का काय. मी सगळ्यांचं बुकिंग करून टाकलंय. पोरांचं पण.”

पत्रकावर एका खासगी कंपनीची जाहिरात होती. किमतीचा आकडा माणशी होता, आणि अकरा माणसांचा हिशेब त्याने पेन्सिलने कोपऱ्यात केला होता. द्राक्षाचा पैसा अजून हातात आलेला नव्हता. उचल घेऊन आगाऊ रक्कम भरली होती.

मला त्याला उडवून लावायचं नव्हतं. ते शास्त्र खोटं नाही. मी स्वतः त्याबद्दल मिळेल ते वाचत असते. म्हणून मी त्याला विचारलं, “छाटणीच्या आधी काडी तपासून घेता ना तुम्ही?”

“घेतो तर. पिंपळगावला देतो. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते.”

“एका काडीवरचे सगळे डोळे एकाच वेलाचे. मग सगळे सारखे का फुटत नाहीत?”

“एप्रिल छाटणीनंतर ऊन किती मिळालं, ढगाळ किती राहिलं, पाणी किती दिलं, त्याच्यावर असतं. आणि फुटायला पेस्ट लावावी लागते.”

“हं. आपल्या पेशींचंही तसंच आहे,” मी म्हटलं. जनुकं सगळ्या पेशींत तीच. पण कुठलं जागं ठेवायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे जनुकावर बसणाऱ्या बारीक रासायनिक खुणांनी ठरतं. मिथिलेशन ही त्यातली एक खूण. पेशीला आवरून धरणारी काही जनुकं असतात, त्यांच्यावर ही खूण नको तिथे बसली की ती मिटतात. यकृताच्या कॅन्सरमध्ये असं एक पी-१६ नावाचं जनुक बऱ्याचदा मिटलेलं सापडतं. बी विषाणूचं एक्स नावाचं प्रथिनही या खुणांमध्ये ढवळाढवळ करतं. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, खुणांसकट. ते तुकडे ओळखायचे, ही त्या पत्रकातल्या तपासणीची कल्पना.

तो लक्ष देऊन ऐकत होता. काडीचं उदाहरण त्याने माझ्यापेक्षा पुढे नेलं: “म्हणजे घड जिरल्यासारखं. वेल तोच, पण डोळ्यात घडच नाही.”

“बरोबर. आता मला सांगा, काडी तपासून तुम्ही काय करता?”

“छाटणी कुठल्या डोळ्यावर घ्यायची ते ठरवतो.”

“आणि रिपोर्ट काहीही आला तरी छाटणी तिथेच घ्यायची असती, तर?”

तो थांबला. मग म्हणाला, “तर कशाला देऊ काडी?”

मी त्याला सांगितलं की या तपासण्या मुळात ‘आज कुठे कॅन्सर आहे का’ हे शोधायला बनवल्या आहेत. ‘पुढे होईल का’ याचं उत्तर त्यात नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी सेप्टिन-९ या जनुकावरच्या खुणेची रक्ततपासणी अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाली, तीही आजचा कॅन्सर शोधायलाच. यकृताच्या अशा खुणांवरही काम चालू आहे, आणि मला त्याची मनापासून आशा आहे. पण सहा वर्षांच्या पोराच्या रक्तात त्या शोधून उद्या त्याचं काय करायचं? नाही सापडल्या तर घर निर्धास्त होईल, तेही चुकीचंच. आणि कुठे तरी अर्धवट काही दिसलं, तर निरोगी माणसाच्या मागे स्कॅनचा ससेमिरा लागेल.

“तुमच्या घरात धोका सांगणारी खूण आम्ही आधीच बघितली आहे,” मी म्हटलं. “विषाणू आहे की नाही, आणि असला तर किती आहे.”

याबाबतचं सर्वांत भक्कम काम तैवानचं आहे. तिथे १९८१ साली २२,७०७ पुरुषांच्या पाहणीतून पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं की यकृताचा कॅन्सर जवळजवळ सगळा बी-बाधित माणसांतच होतोय. मग २००६ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात ३,६५३ बाधित माणसांकडे सरासरी अकरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्या रक्तात सुरुवातीला विषाणू जवळपास सापडतच नव्हता, त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण १.३ टक्के. ज्यांच्या रक्तात मिलिलिटरला दहा लाख प्रती किंवा जास्त, त्यांच्यात १४.९ टक्के. हा आकडा वाचला तेव्हापासून विषाणूची मोजणी माझ्यासाठी नुसती एक तपासणी राहिलेली नाही.

धाकट्याचा स्वतःचा रिपोर्ट स्वच्छ होता. विषाणू नाही, येऊन गेल्याची खूणही नाही, लसीचीही नाही. भावंडांत शेवटचा. त्याच्या जन्मापर्यंत आईच्या अंगातला विषाणू शांत झाला असावा. तसा झाला की बाळाला जाण्याची शक्यता बरीच उतरते. “तुम्हाला लस द्यायची. आज एक, महिन्याने एक, सहा महिन्यांनी एक. बस.” त्याने रिपोर्ट दोनदा वाचला आणि पत्रक घडी करून खिशात घातलं. बायकोकडे बघून म्हणाला, “पैसे मागतो परत.” मग तो बाहेर गेला आणि बराच वेळ व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नातीला मी आईसोबत वेगळ्या खोलीत घेतलं. रिपोर्ट सगळ्यांसमोर सांगायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं, पण एवढ्या गोतावळ्यातून दोघींनाच बाजूला बोलावलं की बाकीच्यांना कळायचं ते कळतंच. तिच्या हातांत डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या होत्या. गरोदरपणाची फाइल मी मागून घेतली. साखर, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सगळं लिहिलेलं; बी काविळीच्या चौकटीत काहीच नव्हतं. ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची व्हायलाच हवी. कुठल्या तरी दवाखान्यात कुणाच्या तरी हातून ती राहून गेली होती.

तिच्या रक्तात मिलिलिटरला सतरा कोटी युनिट विषाणू होता. आणि विषाणू जोरात वाढतोय हे दाखवणारी ई-अँटिजेनची खूणही. लिव्हरची बाकी तपासणी अगदी नॉर्मल. या वयात असंच असतं. शरीर विषाणूला परका मानतच नाही, भांडत नाही, म्हणून त्रासही नाही. ती तरतरीत होती, गाल भरलेले होते.

“मला मामासारखं होणार?” तिने सरळ विचारलं.

मी म्हटलं, “आता बिलकुल नाही. पुढे होऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं आहे, आणि ते ठेवता येतं. आज मला तुझ्यापेक्षा बाळाची घाई आहे.”

गरोदर बाईच्या रक्तात दोन लाख युनिटांच्या वर विषाणू असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविरची रोज एक गोळी देतात. तिचा अठ्ठाविसावा आठवडा चालू होता. म्हणजे आम्ही वेळेत होतो, अगदी दारात गाठल्यासारखे. गोळीने विषाणू खाली येतो. मग बाळ जन्मलं की १२ तासांच्या आत त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं, इंजेक्शन. पुढे वेळापत्रकाप्रमाणे बाकीचे डोस. एवढं केलं की बहुतेक सगळी बाळं वाचतात. बाळंतपण नेहमीसारखं होऊ शकतं, अंगावर पाजताही येतं. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या लहान मुलांमधला यकृताचा कॅन्सर निम्म्यावर आला. कॅन्सरवर लस असते का, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. आपल्याकडे ती देशभर सगळ्या बाळांना २०११ पासून मिळते. या घरातली मोठी माणसं त्याच्या खूप आधीची.

ती सगळं ऐकून गप्प होती. मग हळूच म्हणाली, “सासरी सांगावं लागेल का?”

तिची आई रडायला लागली. “मॅडम, माहेरी आणून सोडतील हो तिला. रोग घेऊन आली म्हणतील.”

याला माझ्याकडे लॅबमधलं उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, की एका ताटात जेवल्याने, कपडे धुतल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो. म्हणून नवऱ्याला तपासणी आणि लस हवी, त्याला सांगावं लागेल. सासूबाईंना कधी आणि काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. आमचे डॉक्टर त्याच्याशी बोलतील, तू म्हणशील तेव्हा. तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला आणि उद्या या एवढंच सांगितलं. तिचा आवाज कापला नाही. आईचा रडण्याचा आवाज फोनवर जाऊ नये म्हणून तिने फोनवर हात धरला होता.

तिचं एक सांगायचं राहिलं. एएफपी नावाची एक जुनी खूण आहे, यकृताच्या कॅन्सरसाठी अजूनही वापरतो. पोटातल्या बाळाचं यकृत हे प्रथिन बनवतं, जन्मानंतर ते जनुक मिटतं, आणि कॅन्सर झाला की कधी कधी पुन्हा जागं होतं. रशियन शास्त्रज्ञांनी १९६३-६४ मध्ये हे दाखवलं. मिटलेला डोळा पुन्हा फुटतो आणि रक्तात दिसतो. म्हणजे धाकटा ज्या नव्या खुणांच्या मागे होता, त्यांची ही साठ वर्षांपूर्वीची चुलती. तिच्या मामाचा एएफपी १४ हजारांवर होता. तिचाही वाढलेला येणार, पण तो पोटातल्या बाळाचा. म्हणून तिच्या फाइलवर मी लाल पेनने लिहिलं: बाळंतपणापर्यंत एएफपी करू नये. कुणी तरी करून बसेल आणि पोरीची झोप उडवेल.

आजींना काय सांगायचं हे मी आठवडाभर मनात घोळवत होते.

त्या खुर्चीवर अगदी कडेला टेकल्या होत्या, डोक्यावर पदर. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण, तुळस आणि तिच्या बाजूला ठिपके. मी वंशवृक्षाचा कागद दाखवला नाही. पण त्यांची मुलगी आणि नात वेगळ्या खोलीतून रडून आलेल्या त्यांनी पाहिलं होतं. शाळेत न गेलेल्या बाईला रेघ जोडायला कागद लागत नाही.

“म्हंजे मीच दिलं का पोराला?”

खोलीत कुणी बोललं नाही. मोठी सून पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.

मी विचारलं, “आजी, हे गोंदण कुठं केलं?”

“गडावर. सप्तशृंगीच्या. चैत्राच्या यात्रेला. मी आठ-नऊ वर्षांची. रांगच लागली होती पोरींची.”

“सुई एकच असेल?”

“एकच. पुसायची फडक्यानं आन् पुढची.”

सुईतूनच आलं असं मी म्हणत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांच्या आईकडून आलं असेल. काचेची सिरिंज उकळून न घेता टोचणाऱ्या एखाद्या डॉक्टरकडून आलं असेल. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे बी काविळीची मोठी साथ आली होती आणि माणसं दगावली होती, म्हणजे ही फार जुनी गोष्टही नाही. कुठून आलं ते आता कळायचं नाही. “तुम्ही दिलं नाही आजी. तुमच्या अंगातून ते गेलं, आणि तुम्हाला ते आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.”

त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं असं मला वाटलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “मला काही झालं नाही. त्याला का झालं?” हा प्रश्न मोठमोठ्या परिषदांमध्ये विचारला जातो, त्याच शब्दांत. पुरुष असणं, वय, विषाणूचं प्रमाण, यकृताची अवस्था, घरात आणखी कुणाला झालेला असणं, आणि खाण्यातली बुरशी. शेवटच्यावर त्यांचे कान टवकारले. मका, शेंगदाणे ओलसर राहिले की त्यांवर येणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. शांघायच्या १८ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका सुमारे तिप्पट दिसला, नुसत्या बी विषाणूने सातपट, आणि दोन्ही एकत्र असतील तर एकोणसाठपट. आजी म्हणाल्या, “काळा पडलेला दाणा आम्ही टाकत नव्हतो. दुष्काळात कोण टाकतंय?” ७२ च्या दुष्काळाच्या वेळी त्या नव्या लग्नाच्याही नव्हत्या, परकऱ्या पोरी होत्या. मी यावर काही बोलले नाही. एका माणसाच्या एका गाठीचं कारण असं मागे जाऊन ठरवता येत नाही. पण आता मका नीट वाळवा, बुरशीचा दाणा गुरांनाही घालू नका, एवढं मात्र ठासून सांगितलं.

तेवढ्यात मोठी सून, पेशंटची बायको, पहिल्यांदा बोलली. “त्यांना एकदा फोन आला होता. रक्त दिलं होतं शिवजयंतीला, २०१२ ची गोष्ट. रक्तपेढीवाल्यांनी सांगितलं, तुमच्या रक्तात कावीळ निघाली, परत देऊ नका.”

“मग?”

“डोळे तर पिवळे नव्हते. तरी मी त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, तीन रविवार. महिनाभर तेल-तिखट बंद, उसाचा रस आन् फुटाणे. मग विसरलो.”

मला बसल्या जागी अंग गार पडल्यासारखं झालं. रक्तपेढीत असताना हे फोन मी करायचे. तो फोन आमच्या पेढीचा नव्हता, पण असता तरी मी वेगळं काही बोलले असते का? ‘तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आढळलं आहे, डॉक्टरांना दाखवा, पुन्हा रक्तदान करू नका.’ दिवसात पाच-सहा फोन, रजिस्टरमध्ये टिकमार्क. समोरचा म्हणायचा ‘बरं’, आणि मी ठेवून द्यायचे. घरी कोण आहे, बायकोला लस दिली का, आईला कधी तपासलं का, हे मी एकदाही विचारलं नाही. २०१२ साली त्या माणसाचं यकृत बहुधा ठीक असेल. गोळी चालू झाली असती, सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती, गाठ आलीच असती तरी दोन सेंटिमीटरची असताना दिसली असती, आणि तेवढी गाठ कापता येते किंवा सुईने जाळता येते. खूण रक्तात होती, यंत्राने ती पकडली होती, रजिस्टरमध्ये नोंद झाली होती. मी हे त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही.

डॉक्टर आले तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी आजी आणि त्यांच्या सिन्नरच्या मुलीची पुढची आखणी सांगितली: दोघींची सोनोग्राफी, मुलीच्या विषाणूची मोजणी पुन्हा. गोळ्या लागल्या तर सिव्हिलला मोफत मिळतात, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमच आहे. पेशंटच्या मुलीला शाळेत असताना लस मिळालेली होती, मुलाला नव्हती. त्याला आणि धाकट्याच्या बायकोला तिथेच पहिला डोस टोचला.

सगळे उठले तरी मोठी सून उठेना.

“डॉक्टर, हे दारूनं झालेलं नाही ना?”

“नाही. विषाणूने झालंय.”

“मग ते लिहून द्या मला.”

डॉक्टरांना आधी कळलं नाही. ते म्हणाले, फाइलमध्ये आहे की सगळं. ती म्हणाली, फाइल इंग्रजीत आहे. मला मराठीत पाहिजे, शिक्का मारून. पदराच्या आत तिचा हात घट्ट मिटलेला दिसत होता. डॉक्टरांनी लेटरहेड घेतलं आणि मला म्हणाले, तुमचं अक्षर बरं आहे, तुम्ही लिहा. मी लिहिलं: ‘सदर रुग्णास झालेला यकृताचा कर्करोग हा हिपॅटायटिस बी या विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गामुळे झाला आहे. मद्यपानाचा इतिहास नाही.’ त्यांनी सही केली. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि झेरॉक्स कुठे मिळेल ते विचारलं.

पेशंट मार्चच्या शेवटी गेला. दशक्रियेला कीर्तनकारांनी तो कागद वाचून दाखवला, असं धाकट्याने मला फोनवर सांगितलं. नातीला मुलगा झाला, रात्री दीडच्या सुमारास. दोन्ही इंजेक्शनं पहाटे चारच्या आत दिली गेली. नवरा स्वतः बर्फाच्या डब्यातून इम्युनोग्लोब्युलिन घेऊन आला होता. बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याची तपासणी करायची आहे. तोवर आम्हालाही काही कळणार नाही.

मधल्या भावाचा चौकोन मात्र कोराच होता. चाळिशीच्या वरचा पुरुष, सख्ख्या भावाला कॅन्सर, आई बाधित. घरातला सगळ्यात आधी तपासायचा माणूस तोच. मी चार वेळा फोन केला. एकदा तो सापुताऱ्याच्या घाटात होता, एकदा म्हणाला कांद्याचे भाव पडलेत, डोकं ठिकाणावर नाही. पाचव्यांदा त्याने उचलला तेव्हा मागे ट्रकचं इंजिन चालू होतं.

“ताई, मला काही होत नाही ओ. दगड खाल्ला तरी पचतो.”

मी म्हटलं, “तुमच्या दादांनाही काही होत नव्हतं. बारा वर्षं.”

पलीकडे इंजिन बंद झालं. बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला.

“उपाशी यायचं का?”

“रक्ताला नाही लागत. पण पोटाची सोनोग्राफी करायची आहे, म्हणून सकाळी काही न खाता या. चहासुद्धा नको.”

“बरं. सोमवारी येतो.”